भिंतीवर नाव कुणाचं?

दोन काळांत चालणाऱ्या कादंबरीचा एक ठरलेला साचा असतो. जुन्या काळात एक चित्रकार, आजच्या काळात त्याचा माग काढणारा कुणी, आणि मधे एक गुपित. शेवटी भिंतीमागून पत्र निघतं, नाव कळतं, वाचक सुटतो. मी विचारतो, ज्यांना अक्षराला शिवू दिलं नाही, त्यांचं पत्र निघणार कुठून?

आपल्या बुलढाण्यातून जाणाऱ्या डोंगररांगेतच, पश्चिमेला, अजिंठ्याची लेणी आहेत. १६ नंबरच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा कोरीव लेख आहे. पाचवं शतक. दान त्याचं, नाव त्याचं. १० नंबरच्या लेण्यात दुसरं नाव : जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या इंग्रजानं लेणी 'शोधली' म्हणतात. कुणासाठी शोधली? आसपासच्या लोकांना ती ठाऊकच होती. त्यानं आपलं नाव चित्रावरच खरडलं. पैसा देणाऱ्याचं नाव राहिलं, खरडणाऱ्याचंही राहिलं. मातीत भाताचा तूस कालवून भिंत लिंपणाऱ्याचं, बोधिसत्त्वाच्या पापण्या रेखणाऱ्याचं मात्र नाही.

हे गुपित नव्हे. गुपित कुणीतरी लपवतं, म्हणून ते सापडतं. इथं नोंदच झाली नाही. मी सूतगिरणीत राबतो. मालावर गिरणीचा शिक्का बसतो, माझं नाव नाही. शंभर वर्षांनी कुणी धुंडाळलं तर त्याला काय सापडणार?

मग आपण कादंबरी लिहिली तर? तो चित्रकार आपलाच होता, असं ठोकून द्यायचा मोह होतो. मलाही होतो. पण पुरावा नसताना तसं लिहिणं म्हणजे स्मिथसारखंच त्याच्या चित्रावर आपलं नाव खरडणं. आणि 'तू कोणाचा?' हा प्रश्न तर गावकुसापाशी आपल्यालाच विचारला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी तो प्रश्नच मोडीत काढला. तोच आता आपण त्या मेलेल्या माणसाला घालायचा?

गप्प बसा, असंही मी म्हणत नाही. लिहा. अंधारात त्याचे डोळे कसे चुरचुरले असतील, मजुरी कशी ठरली असेल, ते लिहा. कल्पना असेल ते कल्पना म्हणून सांगा. पण नावाची जागा कोरी ठेवा, आणि ती कोरी का, हे वाचकाला विचारायला लावा. त्याच्या रक्तावर आपला दावा नाही. घामाचं नातं आहे, आणि ते सांगायला पुरावा लागत नाही.