चौकट तिरकी, मजकूर सरळ

पडद्यावर एक चौरस काढावा, त्यात चार ओळी टाइप कराव्यात आणि चौरस ४५ अंशांनी फिरवावा. चौरस टोकावर उभा राहतो आणि त्याच्यासोबत ओळीही कलंडतात. फिरवायची होती ती नुसती चौकट. पत्रिका, मुखपृष्ठं, दुकानांच्या पाट्या करणाऱ्या कुणालाही ही अडचण ओळखीची आहे. बहुतेक जण चौकट रिकामी ठेवतात, तिच्यावर मजकुराचा वेगळा सरळ तुकडा आणून बसवतात आणि पुढच्या कामाला लागतात. धंद्याच्या दृष्टीनं त्यांचं बरोबरच आहे. पण संगणकाला एवढी साधी गोष्ट का कळू नये, असं विचारलं तर उत्तर बरंच लांब जातं.

संगणकाच्या लेखी तिथे शंकरपाळीच्या आकाराची आकृती नाहीच. तिथे एक चौरस आहे आणि तो ४५ अंशांनी फिरवलेला असल्याची नोंद आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबी कंपनीनं १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा आणली. तिच्यात फिरवण्याची आज्ञा दिली की चित्राला कुणी हात लावत नाही. चित्र ज्या अक्षांवर मोजायचं ते अक्षच फिरतात. त्यानंतर जे काढाल ते तिरकं. जुने अक्ष पुन्हा हवे असतील तर फिरवण्याआधी ते जपून ठेवायचे आणि काम झालं की परत आणायचे; त्यासाठी वेगळ्या आज्ञा आहेत. आजच्या एसव्हीजी या चित्रं मांडायच्या भाषेतही वस्तूंच्या गटाला दिलेला कल गटातल्या प्रत्येक वस्तूकडे वारशानं जातो. यंत्राचे सुटे भाग आखणाऱ्याला हेच हवं असतं: वस्तू हलली की तिच्यावरची प्रत्येक खूण तिच्याबरोबर हलली पाहिजे. वाचणाऱ्याला मात्र हे नको असतं.

छापखान्यात खिळे जुळवायचे त्या काळी गंमत उलटी होती. शिशाचे खिळे चौकोनी, फर्म्यात सगळं आडवं-उभं आवळून बसवायचं. एखादी ओळ तिरकी हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना तिरके तुकडे कापून भरावे लागत. सरळपणा फुकट मिळायचा, कलाची किंमत मोजावी लागायची. संगणकानं कल फुकट केला आणि सरळपणाला मेहनत पडू लागली.

डोळ्याचा हिशेब या दोन्हींहून निराळा आहे. अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञानं १८८६ मध्ये संवेदनांच्या विश्लेषणावर पुस्तक लिहिलं. एक चौरस बाजूवर बसलेला आणि दुसरा तसाच चौरस टोकावर उभा केलेला, या दोन आकृत्या भूमितीनं एकच असल्या तरी पाहणाऱ्याला त्या वेगळ्या वाटतात, हे त्यात त्यानं दाखवून दिलं. पुढे आयर्विन रॉक या मानसशास्त्रज्ञानं याच विषयावर प्रयोग केले. त्याचं पुस्तक १९७३ चं. आकृतीची वरची बाजू कोणती हे मन आधी ठरवतं आणि मग आकृती ओळखतं, असा त्याच्या कामाचा रोख. मान वाकडी करून पाहिलं तरी मन सहसा जगातलं 'वर' धरून ठेवतं, डोळ्याच्या पडद्यावरचं नव्हे. म्हणजे टोकावर उभा राहिलेला आकार पूर्वी चौरस होता हे डोळा विसरून जातो, त्याला ते आठवायची गरजही नसते. यंत्राला मात्र आठवतं, आणि त्या आठवणीपोटीच ते अक्षरं कलंडवतं.

मग कुठलं सॉफ्टवेअर काय विसरायला तयार आहे, यावर बरंच अवलंबून असतं. पॉवरपॉइंटमध्ये मजकूर फिरवू नये अशी सरळ खूण करायची सोय आहे. गंभीर डिझायनर त्या प्रोग्रामला नाकं मुरडतात, पण या एका बाबतीत तो त्यांच्या लाडक्या प्रोग्रामांपेक्षा शहाणा ठरतो. इलस्ट्रेटरमध्ये अख्खी वस्तू न निवडता नुसती तिची कड निवडून फिरवली तर आतल्या ओळी सरळ राहतात आणि नव्या कडांप्रमाणे पुन्हा तुटतात. इनडिझाइनमध्ये चौकटीतलं छायाचित्र चौकटीपासून वेगळं फिरवता येतं, मजकूर येत नाही. चित्र चौकटीत ठेवलेलं असतं आणि मजकूर चौकटीचा असतो, असा काहीसा भेद तिथे धरलेला दिसतो. मला तो पटत नाही. उलटंच असायला हवं होतं: छायाचित्र कललं तरी कळतं, ओळ कलली की वाचणाऱ्याची मान कलते.

पीट मोंद्रियान या डच चित्रकारानं १९२० च्या दशकात हाच निर्णय कॅनव्हासवर घेतला होता. चौरस कॅनव्हास त्यानं टोकावर टांगला आणि आतल्या रेषा मात्र जमिनीला समांतर आणि काटकोनातच ठेवल्या. त्याचा सोबती थिओ व्हान डूसबर्ग यानं त्याच सुमारास कॅनव्हास सरळ ठेवून रेषा तिरक्या केल्या. या कलावरूनच दोघांत दुरावा आला असं सांगतात. एवढ्या एका कारणानं माणसं तुटतात यावर माझा विश्वास बसत नाही, पण तंटा खोटा नव्हता. सरळपणा चौकटीचा धर्म मानायचा की आतल्या रेषांचा, असा तो प्रश्न होता. मोंद्रियान १९४४ मध्ये वारला तेव्हा अपुरं राहिलेलं 'व्हिक्टरी बूगी-वूगी' हेही टोकावर उभं असलेलंच चित्र. ते आता हेगच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे हा प्रश्न ज्योतिष्यांनी फार पूर्वी सोडवला. महाराष्ट्रात जी कुंडली मांडतात तिच्यात एक चौरस, त्याचे दोन कर्ण आणि चार बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषा असतात. त्यातून आठ त्रिकोण आणि मधोमध टोकावर उभे असलेले चार चौरस तयार होतात. हे चार म्हणजे केंद्रस्थानं. भविष्यावर तुमचा विश्वास असो वा नसो, मांडणी पाहण्यासारखी आहे. बाराही घरांतली अक्षरं सरळ, राशींचे आकडेही सरळ. जागा निमुळती म्हणून चंद्राचा 'चं' होतो, मंगळाचा 'मं', गुरूचा 'गु'. आकाराशी न भांडता त्यांनी मजकूरच छाटला.

छाटता न येणारा मराठी मजकूर असला की खरी झटापट सुरू होते. १० सेंटिमीटर बाजूचा चौरस टोकावर उभा करा. कर्ण १४ सेंटिमीटरांहून किंचित मोठा, दिसायला ऐसपैस. पण त्यात सरळ बसणारा मोठ्यात मोठा आयत काढला तर क्षेत्रफळ निम्मं होतं. उरलेलं निम्मं चार कोपऱ्यांत जातं. ते वाया जाऊ द्यायचं नसेल तर ओळी आकाराप्रमाणे लांब-आखूड कराव्या लागतात. वरच्या टोकापासून ५ मिलिमीटर खाली आलं तर रुंदी मिळते १० मिलिमीटर, फार तर एखादं जोडाक्षर मावेल. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायची आपल्याला फारशी सवय नाही. 'महाविद्यालयाच्या' हा एकच शब्द चार ओळी खाली गेल्याशिवाय शिरत नाही. लग्नपत्रिकेला मात्र हा आकार आयता सोसतो, कारण माथ्यावर 'श्री' आणि त्याखाली 'श्रीगणेश प्रसन्न' अशी वाढत जाणारी उतरंड तिच्यात आधीपासूनच आहे.

शिरोरेषेचाही त्रास असतो. रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांना वरच्या कडेला मोकळी जागा सुटते. देवनागरी शब्दाला वर सलग रेघ असते आणि रेघेचे दोन्ही कोपरे टोकदार. तिच्याही वर वेलांट्या, मात्रा आणि रफार. त्यामुळे आकाराच्या वरच्या अर्ध्यात शब्दाचे कोपरे तिरक्या कडांना धडकतात, तर खालच्या अर्ध्यात अक्षरांचे खालचे भाग तुटक असल्यामुळे तोच शब्द सहज बसतो. याच कारणानं टोक वर असलेल्या त्रिकोणापेक्षा टोक खाली असलेला त्रिकोण देवनागरीला सोयीचा. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण तसाच होता, जरी त्यामागे लिपीचा विचार असेल असं मी म्हणणार नाही.

बदल्यात शिरोरेषा एक कामही करते. टोकावर उभ्या चौरसाला स्वतःचं 'वर' नसतं. तो पाव फेरा फिरवला, अर्धा फिरवला, दिसतो तसाच. वर कुठे हे सांगायचं काम आतल्या मजकुरावर येतं. महामार्गावरच्या टँकरवर धोक्याच्या मालाचं लेबल असंच टोकावर उभं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ते लावावं लागतं. ज्वालाग्राही द्रवाचं लाल, वर ज्योत, खालच्या कोपऱ्यात वर्गाचा आकडा ३, सगळं सरळ. असंच लेबल लावलेलं पिंप आडवं पडलं तरी लेबलाच्या बाह्याकृतीत काही फरक पडत नाही. आडवा होतो तो आकडा. यातल्या सहाव्या वर्गात विषारी पदार्थ येतात आणि नवव्यात इतर कुठल्याच वर्गात न बसणारे. इंग्रजी सहा उलटा केला की नऊ होतो, आणि उलट्या पिंपावर हे कुणालाही सहज होऊ शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात नवव्या वर्गाच्या आकड्याखाली एक आडवी रेघ मारलेली असते. देवनागरीत ती रेघ प्रत्येक शब्दाला आधीच असते, फक्त वरच्या बाजूला.