मुक्काम पोस्ट तरवडी

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा ‘दीनबंधू’ने त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढे हात आखडता घेतला. ‘दीनबंधू’ तर सत्यशोधकांचेच पत्र. कृष्णराव भालेकरांनी ते 1877 मध्ये पुण्यात काढले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईहून चालवले. घरच्याच पत्राने कच खाल्ली म्हणून फुले संतापले, ते योग्यच होते. पण मला वाटते, दोष एकट्या संपादकाचा नसावा. ज्याच्याविषयी लिहायचे तो बांधावर आणि छापखाना शहरात, म्हणजे लिखाण थांबले तरी जाब विचारायला दारात कोणी येत नाही.

याच भालेकरांचा मुलगा मुकुंदराव. तो पाटील घराण्यात दत्तक गेला. गणपतराव पाटलांनी 1888 मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे ‘दीनमित्र’ हे नाव त्याने उचलले आणि 23 नोव्हेंबर 1910 रोजी नगर जिल्ह्यातल्या सोमठाण्यातून साप्ताहिक काढले. पुढे नेवासे तालुक्यातले तरवडी हा त्याचा पत्ता झाला. बापाचे पत्र पुण्याहून मुंबईला गेले होते; मुलाने शहराकडे पाठ केली. 1967 साली मृत्यू येईपर्यंत मुकुंदरावांनी हा संसार रेटला.

तेव्हाच्या गावात दप्तर कुलकर्ण्याकडे असे. जमीन किती, सारा किती, देणे किती, हे तो वाचून दाखवील ते खरे. लिहिता येणे हीच सत्ता होती, आणि खेड्यात खिळे जुळवणे म्हणजे त्या सत्तेच्या घरासमोर दुसरे दप्तर मांडणे. शहरातून कुलकर्ण्यावर टीका करणे सोपे. इथे तो सकाळी वेशीत भेटायचा.

पण वाचणार कोण? 1911 च्या जनगणनेत देशात शंभरी सहाजणही साक्षर नव्हते. खेड्यातले पत्र वाचण्यापेक्षा ऐकण्याचेच असणार. मुकुंदरावांनी 1913 साली ‘कुलकर्णीलीलामृत’ लिहिले ते ओव्यांत, पोथीच्या थाटात. नगर जिल्ह्याच्या कानाला ही चाल परकी नव्हती. ‘भक्तलीलामृत’ रचणारे महिपती इथल्याच ताहराबादचे. गंमत अशी की महिपतींकडे गावचे कुलकर्णीपणच होते!

मुकुंदरावांच्या ओव्यांकडे कुलकर्ण्याचे निव्वळ विडंबन म्हणून पाहू नये. दप्तर वाचणारा मधली ओळ खुशाल गाळू शकतो, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. ओवीचा चरण गाळला, तर अंगठेबहाद्दर म्हातारासुद्धा कान टवकारून म्हणतो, “थांब, काहीतरी सुटलं.”