कल्पनेचे देवालय

चित्त शांत ठेवण्यासाठी डोळे मिटून एखादे रम्य स्थळ मनश्चक्षूंपुढे आणावे, कोणाच्या तरी धीरगंभीर सूचनेबरहुकूम पावलापावलाने त्यात शिरावे आणि काही काळ तेथे रमून पुनश्च आपल्या उद्योगाला लागावे, अशी जी ध्यानाची रीत हल्ली ध्वनिमुद्रित आवाजांच्या साहाय्याने घरोघर पोहोचली आहे, तिला नवे खूळ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. घेरण्डसंहिता या योगग्रंथाच्या सहाव्या उपदेशातला स्थूल ध्यानाचा विधी बहुतांशी हाच आहे: हृदयात अमृताचा सागर कल्पावा, त्यात रत्नांच्या वाळूचे बेट, बेटावर फुललेल्या कदंबांची दाटी, भोवती मालती, चाफा, पारिजात यांचे कुंपण, मधोमध चार वेद याच ज्याच्या चार शाखा असा कल्पवृक्ष, त्याखाली मणिमंडप, मंडपात पर्यंक, आणि त्यावर गुरूने सांगितली असेल त्या रूपाची इष्टदेवता. भुंग्यांचा गुंजारव आणि कोकिळांचे कूजन यांचीही नोंद ग्रंथकाराने चुकविलेली नाही.

परंतु येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो किरकोळ नव्हे. पतंजलींनी योगसूत्रांत निरोध करावयाच्या ज्या पाच वृत्ती मोजल्या, त्यांत विकल्प, म्हणजे ज्याच्यामागे वस्तूच नाही असे केवळ शब्दाश्रित ज्ञान, ही एक आहे. मग अमृताचा सागर हा विकल्प नव्हे तर काय? जे नाही त्याच्या आधाराने लाभलेली शांती ही शांती, की निव्वळ गुंगी? त्याच पतंजलींनी समाधिपादात, ज्याला जे रुचेल त्याचे ध्यान करण्याची मोकळीकही ठेवली आहे हे खरे. पण एका सूत्राने दुसऱ्याचे तोंड बंद करणे हा वकिली युक्तिवाद झाला, त्याने शंका फिटत नाही.

त्यापेक्षा आपल्याच चित्ताची झडती घ्यावी. ज्याला दिवसा वरिष्ठाने चारचौघांत टाकून बोलले आहे, असा एखादा कारकून रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर काय करतो, ते पाहा. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, आपण दप्तर टेबलावर ठेवले, ते असे म्हणाले, आपण तसे सुनावले. साहेबांच्या तोंडी घातलेले वाक्य पुरेसे उर्मट वाटले नाही म्हणून ते खोडून दुसरे घातले आणि प्रसंग पहिल्यापासून पुन्हा सुरू केला. या गृहस्थाची एकाग्रता योग्यानेही हेवा करावा अशी आहे! चिंता आणि क्रोध हे अशा चित्रांवरच पोसले जातात. तेव्हा कल्पना करावी की न करावी हा प्रश्नच उरत नाही. ती अहोरात्र आपले काम चोख बजावीतच असते. तिला काम कोणते नेमून द्यावे, एवढेच आपल्या हाती आहे.

आणि ते खरोखर काम असावे, असे माझे मत आहे. हल्लीच्या पुष्कळशा ध्वनिमुद्रणांत श्रोत्याला समुद्रतीरी आयता नेऊन बसवितात. वारा त्याच्यासाठी वाहतो, लाटा त्याच्यासाठी येतात, त्याच्याकडून काडीचीही अपेक्षा नसते. असला फुकटचा पाहुणचार मनाला फार वेळ धरून ठेवीत नाही. लाटांच्या आडून साहेब पुन्हा डोकावतात. आपल्याकडच्या मानसपूजेची मांडणी निराळी आहे. तिथे चंदन उगाळावे लागते, सहाण ओली करावी लागते, निर्माल्य काढावे लागते. गंध पातळ झाले तर पुन्हा खोड हाती धरावे लागते. उपासक तेथे भोक्ता नसून सेवक असतो, आणि सेवेत गुंतलेल्या मनाला अपमान उगाळण्यास सवड मिळत नाही.

या दृष्टीने तमिळ शैव परंपरेतील त्रेसष्ट नायन्मार संतांपैकी पुसलार यांची कथा मला योगशास्त्रावरील कित्येक भाष्यांहून मोलाची वाटते. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी पेरियपुराणात ती सांगितली आहे. तिरुनिन्रवूरच्या या निर्धन भक्ताला शिवालय बांधावयाचे होते; द्रव्य कोठूनही जुळेना, तेव्हा त्याने मनातच सामग्री आणि कारागीर जमविले, मुहूर्त पाहून पाया घातला, शिखर चढविले, विहीर आणि तळे खोदविले आणि प्रतिष्ठेची तिथी मुक्रर केली. कांचीत पल्लव राजाने उभारलेल्या पाषाणाच्या मंदिराची प्रतिष्ठाही नेमकी त्याच दिवशी व्हावयाची होती. परंतु शिवाने स्वप्नात येऊन राजाला मुदत पुढे ढकलण्याचा हुकूम केला, कारण खुद्द शिवाला आधी पुसलारांकडे जावयाचे होते. राजा शोध घेत गावी आला, तो तेथे देऊळच नाही! चमत्कार ज्याला खरा मानावयाचा त्याने मानावा. मला कौतुक वाटते ते पुसलारांनी एकही पायरी गाळली नाही याचे. मनातले मंदिर एका क्षणात उभे करण्यास त्यांना कोण आडकाठी करणार होते? पण त्यांनी पायापासून आरंभ केला.

ज्याला नित्य व्यवहारात चित्त थाऱ्यावर ठेवावयाचे आहे, त्याला हाच मार्ग परवडणारा आहे. मार्गदर्शकाचा आवाज आरंभी असावा, पण घेरण्डसंहितेतल्या गुरूप्रमाणे त्याने रूप सांगून बाजूला व्हावे. मामलेदार कचेरीच्या बाकावर पुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या पक्षकाराजवळ तो आवाज असतोच असे नाही, आणि तेथे डोळे मिटून बसणेही सोयीचे नाही. आज भिंतीचा कोणता थर रचावयाचा हे ठाऊक असले म्हणजे त्याचे भागते. नाव पुकारले गेले की काम तसेच टाकून त्याने उठावे. उरलेला थर पुढच्या तारखेला रचता येतो, आणि तारखा काही कमी पडत नाहीत.