शेरा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसून पूर्वी जनावरांची गणना व्हायची. आता वाघ-बिबट्यांची मोजदाद कॅमेरा ट्रॅप करतात, पट्ट्या-ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखतात. मचाणावरची रात्र उरली ती हौशी पाहुण्यांपुरती. तक्ता मात्र अजून भरावा लागतो.

अशाच एका मचाणावर पुण्याचा एक पाहुणा आणि कोरकू वनमजूर दुपारीच चढून बसले. मोबाइल बंद, अत्तर नको, फ्लॅश तर मुळीच नको, हे चौकीवर बजावून झालं होतं. खाली टँकरनं भरलेला सिमेंटचा उथळ पाणवठा. आजूबाजूचे नाले केव्हाच आटलेले.

ऊन कलल्यावर मोर आले, मग वानरं. तिन्हीसांजेला अस्वल येऊन मोठ्यानं चपचप करत पिऊन गेलं. पाहुणा दर वेळी विचारी, "बिबट्या कधी येतो?" मजूर आकडा मांडून गप्प बसे. चांदणं पडल्यावर पिलाला घेऊन सांबरीण आली. दोन पावलं टाकायची, थांबायचं, कान फिरवायचे, मागं सरायचं. शेवटच्या वीस हातांना तिला अर्धा तास लागला. घसा कोरडा असतानाही भीती कशी पाय धरते, हे पाहावं तर तिथेच. पाहुणा तेवढ्यात कॅमेऱ्याची बटणं चाचपत होता.

मध्यरात्रीनंतर लांबवर सांबर 'पोंक' करून ओरडलं. मजुरानं पाहुण्याचा हात दाबला. बिबट्या बराच वेळ झुडपाच्या सावलीत बसून राहिला, मग दबकत काठाशी आला. पुढचे पाय मुडपून त्यानं मान खाली घातली. जीभ पाण्याला लागणार, तोच फ्लॅश उडाला. काठ रिकामा.

"मिळाला! अगदी समोरून!"

"पुढचं पाणी दोन कोसांवर आहे, साहेब."

"मग जाईल की तिकडं. रानातलंच जनावर ते."

"तिथं वाघीण बसलीय, पिलं घेऊन."

सकाळी चौकीवर पाहुण्यानं तक्ता वाचला. बिबट्या 1. पुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : मचाणावरून उजेड पडला. पाणी न पिता गेला.

"हे कशाला? किती दिसले तेवढंच विचारलंय ना?"

"रेंजर साहेबांनी सांगितलंय, दिसलं ते सगळं लिहायचं," म्हणत मजुरानं पेन त्याच्यापुढं धरलं. तक्त्यावर सह्या दोघांच्या लागतात.