चाहत्यांनी धुतलेले डाग

ओडिसियसने ट्रॉयच्या तटावरून एक तान्हं मूल खाली टाकलं, हे आमच्या मजल्यावरच्या मुलीला चालतं. सर्सी या जादूगारणीच्या बेटावर तो वर्षभर तिचा होऊन राहिला, हे मात्र तिला चालत नाही. "तो असं करणंच शक्य नाही, काका," ती म्हणते, आणि टॅबवर चाललेला हात न थांबवता म्हणते. ती अ‍ॅनिमेशन शिकते. मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रोने जाता-येता 'एपिक : द म्युझिकल'ची गाणी ऐकते आणि रात्री त्या गाण्यांवर चित्रं काढते. होर्हे रिवेरा-हेरान्स या प्युर्टो रिकोच्या तरुण संगीतकाराने ओडिसीवर चाळीस गाणी रचली. ती २०२२च्या नाताळापासून २०२४च्या नाताळापर्यंत हप्त्याहप्त्याने आली. रंगमंच नाही, नेपथ्य नाही. ते जगभरच्या चाहत्यांनी चित्रांतून उभं केलं. या मुलीने काढलेल्या इथाकाच्या, म्हणजे ओडिसियसच्या बेटाच्या, बंदरातल्या होड्या थेट वर्सोव्याच्या आहेत, निमुळत्या नाळेच्या आणि झेंडा लावलेल्या. मी ते दाखवून दिलं तर म्हणाली, "मग दुसऱ्या कुठल्या काढू?"

होमरच्या ओडिसीत सर्सीची गोष्ट अगदी उघड आहे. नायक तिथे इतका रमतो, की शेवटी बरोबरच्या खलाशांनाच त्याला घराची आठवण करून द्यावी लागते. गाण्यांतला ओडिसियस मात्र बायकोचं नाव घेऊन सर्सीला नकार देतो. तान्ह्या मुलाची गोष्ट नेमकी उलटी. ट्रॉयचा वीर हेक्टर याचा तो पोरगा ओडिसियसने मारला असं होमर सांगत नाही. ट्रॉयच्या पाडावाच्या इतर जुन्या कथांत ते येतं. गाणी लिहिणाऱ्याने ते शोधून आणलं, सुरुवातीलाच ठेवलं आणि नायकाच्या साऱ्या प्रवासावर त्या अपराधाची सावली पाडली. म्हणजे चाहत्याने आपल्या लाडक्या नायकाचा एक डाग धुतला आणि दुसरा स्वतःहून लावला. आजच्या विशी-बाविशीतल्या मुलांना युद्धातली क्रूरता समजून घेता येते, तिच्यावर पश्चात्तापाची गाणी लिहिता येतात. बायकोशी बेइमानी करणारा नायक मात्र त्यांच्या गळी उतरत नाही. होमरच्या श्रोत्यांना यातलं काय खुपलं असतं कोण जाणे; सर्सीचं तरी खुपलं नसावं.

नायकाची नवी कथा रचली की "मूळ ग्रंथात असं कुठे आहे?" असा एक आवाज हटकून उठतो. ग्रीकांना स्वतःलाच ही हौस इतकी होती, की त्या आवाजाची त्यांनी फारशी पर्वा केलेली दिसत नाही. युरिपिडीसने इ.स.पू. ४१२मध्ये अख्खं नाटक लिहिलं, की हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती, गेली ती तिची छाया; खरी हेलन इजिप्तमध्ये नवऱ्याची वाट पाहत बसली होती. ट्रॉयच्या युद्धातला अकिलीस आणि त्याचा जिवलग पॅट्रोक्लस यांच्यात प्रेमी कोण आणि प्रिय कोण, यावर प्लेटोच्या संवादातल्या मेजवानीत वाद झडतो, आणि तिथे नाटककार एस्किलसलाही चुकीचं ठरवलं जातं. मॅडलिन मिलरच्या 'द साँग ऑफ अकिलीस'ने २०११मध्ये या दोघांची प्रेमकथा सांगितली, तेव्हा ती नवी कुरापत नव्हती; अडीच हजार वर्षांच्या भांडणात तिने एक बाजू घेतली एवढंच. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. इलियडमधल्या ब्रिसेइसचा नवरा अकिलीसनेच मारला आणि तिला लूट म्हणून आणलं. मिलरच्या कादंबरीत पॅट्रोक्लसच्या सांगण्यावरून अकिलीस तिला मागून घेतो, ती दुसऱ्या कुणाच्या तावडीत सापडू नये म्हणून. लुटारूचा पालनकर्ता झाला. त्याची प्रेमकथा आपल्याला निवांतपणे वाचता यावी, म्हणून त्या बाईच्या दुःखाची किंमत थोडी कमी केली गेली.

हे वाचताना मला सारखा कर्ण आठवत होता. मराठी माणसाला दुसरं कोण आठवणार? रिक्षाच्या मागच्या काचेवर 'राधेय', मोबाइलवर कर्णाच्या नावाने खपणारे सुविचार, बारशाला हौसेने ठेवलेलं 'कर्ण' हे नाव. (नावांवरून आठवलं. ज्या वस्तीचं १५७९चं चर्च आता सीप्झच्या कुंपणाआड पडीक उभं आहे, त्या मरोळ गावठाणात जुन्या पिढीतला एखादा हेक्टर भेटला तर नवल वाटू नये. त्याला मारणारा अकिलीस मात्र भेटणार नाही. हरलेल्याचं नाव पोराला द्यायला माणसं कचरत नाहीत.)

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७मध्ये आलं. सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षकी करणारे, वय जेमतेम सत्तावीस. कादंबरीची नऊ प्रकरणं आहेत; चार कर्णाच्या तोंडची, उरलेली कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांची. व्यासांच्या महाभारतात कर्णाची बायको भेटते ती युद्ध संपल्यावर, प्रेतांच्या ढिगात आक्रोश करणारी, मुलाची आई म्हणून. सावंतांनी तिला घर दिलं, आठवणी दिल्या, स्वतःचा आवाज दिला. चाहता मूळ कथेत शिरून काय करू शकतो, याचा याहून चांगला नमुना मराठीत शोधावा लागेल. पुस्तक अजून खपतं आणि सावंतांच्याच 'छावा'वर २०२५मध्ये चित्रपट निघाल्यावर तर त्यांची सगळीच पुस्तकं पुन्हा नव्या हातांत दिसू लागली.

आता कर्णाचा डाग. द्यूतसभेत विकर्ण उठून द्रौपदीच्या बाजूने बोलतो, तेव्हा त्याला गप्प बसवणारा कर्ण आहे. अनेक नवऱ्यांची बाई म्हणून द्रौपदीला वेश्या ठरवणारा कर्ण आहे. पांडवांची आणि तिचीही वस्त्रं उतरवून घे, असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच. मराठी चाहत्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं: स्वयंवरात तिने 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणून भर मंडपात त्याचा पाणउतारा केला होता, ती जखम सभेत बोलली. सावंतांनी ती जखम अशी उभी केली आहे, की वाचणारा काही काळ द्रौपदीवरच चिडतो.

गंमत अशी, की पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये, 'मृत्युंजय'च्या आदल्याच वर्षी, पूर्ण झाली. आणि बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या त्या संहितेत द्रौपदीचा हा नकार नाही. थोड्याच पोथ्यांत सापडतो म्हणून तो तळटीपेत गेला. सर्वदूर पसरलेल्या ज्या पाठात तो होता, त्यावरची सतराव्या शतकातली प्रसिद्ध टीका नीलकंठ चतुर्धरांची, म्हणजे काशीत जाऊन राहिलेल्या कोपरगावच्या माणसाची. टीका कोपरगावकराची, कात्री पुणेकरांची! ज्या अपमानाच्या आधारावर आपण कर्णाला माफ करतो, तो अपमानच मागाहून कुणी तरी घातलेला असण्याची शक्यता मोठी आहे. सावंतांच्या कित्येक शतकं आधी कर्णाचा कुणी अनामिक चाहता पोथीच्या समासाशी बसलेला असावा. की तो द्रौपदीचा चाहता होता? त्या ओळी दोन्ही बाजूंनी वाचता येतात.

दुसरे काही डाग चाहत्यांनी नुसतेच झाकून ठेवले आहेत. घोषयात्रेत गंधर्वांपुढून कर्ण निघून जातो आणि दुर्योधनाला सोडवायला पांडव धावतात. अभिमन्यूचं धनुष्य कर्णाच्या बाणाने तुटतं, तेही द्रोणांनी युक्ती सांगितल्यावर. मित्रासाठी जीव टाकणारा वीर म्हणून आपल्याला जो कर्ण हवा असतो, त्यात हे बसत नाही. आपल्या समाजाला जन्मावरून नाकारलेल्या गुणाची चीड कळते आणि उपकार न विसरणाऱ्या मित्राचं मोल कळतं. भर सभेत बाईला काय म्हटलं गेलं, हे मात्र रागाच्या भरात बोलून गेला म्हणून खपून जातं. ओडिसियसच्या तरुण चाहत्यांना जे कदापि पचलं नसतं, ते आपण अर्धशतकाहून अधिक काळ बिनतक्रार पचवत आलो.

यात कर्णाचं काय गेलं? उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, तेव्हा कर्ण स्वतः म्हणतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे कडू बोललो, त्याचा आज मला ताप होतो आहे. व्यासांच्या कर्णाला आपलं चुकलं हे कळतं, आणि कळूनही तो बाजू बदलत नाही. हे दोन्ही एकाच माणसात राहणं फार अवघड आहे. त्याची वकिली करताना आपण त्याचा हा कबुलीजबाबच रद्द करून टाकतो. चुकलंच नव्हतं म्हटल्यावर ताप कशाचा?

'मृत्युंजय'च्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातल्या कर्णावरच्या लेखाचं नाव 'मी कोण?'. इरावतीबाई त्याची कीव करत नाहीत आणि त्याला झोडपतही नाहीत. आपण कोण आहोत हे न उमगलेला माणूस कुठे कुठे घसरतो, ते दाखवतात. 'युगान्त'चं कौतुक सगळे करतात, पण उशाशी ठेवतात 'मृत्युंजय'. त्याचं कारण मरोळमध्ये राहणाऱ्याला शोधावं लागत नाही. एमआयडीसी १९६२ची. इथली शेतं आणि टेकाडं कारखान्यांखाली गेली, कोकणातून आणि घाटावरून पोरं आली, एका खोलीत पाच-सहा जणांनी राहून पाळ्या केल्या. अंगात हुनर आहे, पण मुलाखतीला पहिला प्रश्न आडनावाचा आणि गावाचा. अशा हातांत ते जाडजूड पुस्तक पडलं. इथल्या जुन्या घरांत बांधणी सुटलेली, पोतडीसारखी फुगलेली ती प्रत अजून दिसते. त्या वाचकाला कर्ण निर्दोष हवा होता, कारण आपल्यावर झालेल्या अन्यायाची केस डागी अशिलाच्या जोरावर कोण लढवेल? ही गरज खोटी होती असं म्हणायची माझी छाती नाही. तिच्यापायी द्रौपदीवर पुन्हा एकदा ठपका आला, एवढं मात्र खरं.

लोककलेने हीच जोडी घेऊन निराळं काही केलं. जांभूळ आख्यानात द्रौपदीचं मन कर्णावर जातं. पाचांत हा सहावा असता तर, असं तिला वाटतं. कृष्ण ते ओळखतो आणि एका जांभळाच्या निमित्ताने ते तिच्या तोंडून वदवून घेतो. विठ्ठल उमपांनी हे आख्यान मुंबईच्या रंगमंचावर गाजवलं. उतारवयातला, आंबेडकरी चळवळीत गाणारा हा शाहीर पदर सावरत द्रौपदी होई, आणि तिच्या चोरट्या नजरेवर प्रेक्षक हसता हसता गप्प होत. दोन पात्रांची मनातल्या मनात जोडी जुळवायची हा आजकालच्या चाहत्यांचा लाडका उद्योग. आमच्या गोंधळी-शाहिरांना तो कुणी शिकवावा लागला नाही. त्या आख्यानात कर्णाची वकिलीही नाही आणि द्रौपदीला शिक्षाही नाही. तिच्या मनात काय असेल, एवढी एकच चौकशी आहे.

मार्गारेट अ‍ॅटवुडने २००५मध्ये 'द पेनेलोपियाड' लिहिलं, तेव्हा तिचं लक्ष ओडिसियस घरी परतल्यावर फासावर चढवल्या गेलेल्या बारा दासींकडे गेलं. तशा नजरेने द्यूतसभा पाहिली तर तिथे एक माणूस दिसतो. प्रातिकामी. हे नाव की हुद्दा, तेही धड कळत नाही. द्रौपदीला आणायला दुर्योधन पहिल्यांदा त्याला पाठवतो. ती उलटा प्रश्न विचारते: धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? त्याने तिला नुसती घेऊन यायची; पण तो तिचा प्रश्न घेऊन परत येतो आणि भर सभेत विचारतो. कुणी उत्तर देत नाही. पुन्हा जा, म्हणतात. दुर्योधनाच्या हाताखालचा हा नोकर, द्रौपदीच्या कोपाला भ्यालेला, मानपान बाजूला ठेवून सभासदांनाच विचारतो, की मी जाऊन तिला काय सांगू? मग दुर्योधन चिडून दुःशासनाला उठवतो आणि म्हणतो, हा माझा सूतपुत्र भीमाला भितो, तूच जा.

सूतपुत्र. त्या सभेत सूतपुत्र म्हणवले जाणारे दोघे होते. एक अंगदेशाचा राजा, दुसरा हुकमाचा ताबेदार. पाळीवर जाणाऱ्या, साहेबाच्या केबिनबाहेर फाइल धरून उभ्या राहणाऱ्या माणसाने स्वतःला पहिल्यात पाहिलं, हे स्वाभाविक आहे; राजा व्हायला कुणाला आवडत नाही? पण हुद्द्याने तो दुसऱ्याच्या जवळचा होता. या दुसऱ्या सूतपुत्रावर मराठीत कुणी कादंबरी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. त्याला धुवायला डागही फारसा नाही. पहिल्यांदा तो हुकूम पाळायला गेला, हाच काय तो; आणि तोही ठेवला तरी चालेल.