आकाश कुठलं घ्यायचं?

बागेचा किंवा देवळाच्या आवाराचा आराखडा संगणकावर करणाऱ्याच्या हाताशी आज शेकडो आकाशं आहेत. खऱ्या आकाशाचं तेज नोंदलेली एचडीआर फाइल उतरवून घ्यायची, एन्स्केप किंवा ट्विनमोशनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, फिरवून सूर्य हव्या त्या बाजूला आणायचा. सपाट दिसणारी झाडं लगेच जिवंत होतात. ज्यांनी अशी आकाशं टिपून सर्वांसाठी फुकट खुली केली, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांतलं कुठलं घ्यायचं, हे आपण डोळ्यांना काय बरं दिसतं यावरच ठरवतो.

पण हे आकाश म्हणजे नुसता फोटो नाही. साध्या डिजिटल फोटोत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. सूर्य आणि त्याच्या शेजारचा ढग त्यात सारखेच पांढरे दिसतात. प्रत्यक्षात सूर्यबिंब निळ्या आकाशापेक्षा लाखो पटींनी तेजस्वी. पॉल देबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997 मध्ये, कमी-जास्त उजेड घेऊन काढलेल्या अनेक फोटोंतून खरं तेज मोजण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी देबेवेक यांनी अशा चित्राच्या प्रकाशात संगणकातल्या वस्तू उजळून दाखवल्या. तेव्हापासून हे आकाश मागे टांगलेला पडदा राहिलं नाही. तो दिवा आहे, आणि चित्रातली प्रत्येक सावली तोच पाडतो.

आता जांब समर्थचं राममंदिर घ्या. मराठवाड्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव समर्थ रामदासांचं जन्मगाव; त्यांचा जन्मही रामनवमीचा. रामजन्म भर दुपारी साजरा होतो, म्हणून इथल्या आवारात पहिला प्रश्न सावलीचा. गाव साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे. 2025 ची रामनवमी 6 एप्रिलला होती. त्या दिवशी इथला सूर्य घड्याळाच्या साडेबाराच्या सुमारास माथ्याशी आला, सुमारे 77 अंशांवर. दहा मीटर उंच कडुनिंबाच्या शेंड्याची सावली तेव्हा बुंध्यापासून जेमतेम सव्वादोन मीटरवर पडते. समजा, आकाशाची फाइल लंडनची घेतली. तिथला सूर्य मात्र जूनच्या भर दुपारीही 62 अंशांपलीकडे चढत नाही; तिथे तीच सावली पाच मीटरच्या पुढे जाते. तिथलं आकाश लावून संगणकावर आराखड्याचं चित्र, म्हणजे रेंडर, काढलं की उत्तरेकडचा बाक सावलीत दिसतो. प्रत्यक्षात त्यावर बसलेली म्हातारी भाजून निघेल.

फाइल आडवी हवी तितकी फिरते, पण सूर्य वर चढवायला गेलं की क्षितिजच कलतं. शिवाय मेच्या मध्यानंतर जांबचा मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. युरोपातल्या कुठल्याच आकाशात हे सापडणार नाही.

अक्षांश आणि तारीख दिली की सॉफ्टवेअर सूर्य स्वतः मांडतं, हे खरं. सावलीच्या निर्णयासाठी तोच धरावा. पण त्यावर परकं आकाश चढवलं तर ढग एकीकडून उजळलेले आणि सावल्या दुसरीकडे, असा विसंवाद उरतो. आणि मराठवाड्यातलं चैत्राचं आकाश निळंशार नसतंच. ते धुळीने पांढुरकं झालेलं, चारी बाजूंनी डोळ्यांवर येणारं असतं. माणूस सावलीत बसूनही डोळे का किलकिले करतो, हे त्या पांढुरकेपणात आहे.

समर्थांची ‘बागप्रकरण’ नावाची रचना आहे. तीत झाडाझुडपांची नावंच नावं येतात. आपल्या मातीतली झाडं लावावीत, हे आता आराखडे करणाऱ्यांनाही पटलं आहे. मग त्या झाडांवर पडणारा उजेड परका का चालावा? हा आग्रह मला अजिबात हट्टाचा वाटत नाही.

काम अवघड नाही. तिपाई, रुंद भिंग, सूर्यासाठी गडद फिल्टर आणि एकाच जागी कमी-जास्त उजेडाचे फोटो. मराठवाड्यातल्या वास्तुकला महाविद्यालयांनी चैत्राची दुपार, ज्येष्ठातलं भरून आलेलं आभाळ, कार्तिकातली स्वच्छ सकाळ टिपावी, प्रत्येक फाइलवर गाव, अक्षांश, तारीख, वेळ आणि उत्तर दिशा नोंदवावी, आणि ती सगळ्यांना फुकट द्यावी. सुरुवात येत्या रामनवमीला जांबच्या आवारातून करता येईल.