पाचवे कारण

सेरेब्रल पाल्सी असलेले मूल घरात आले की एक शब्द लवकरच कानावर पडू लागतो: भोग. नातेवाईक तो सांत्वन म्हणून उच्चारतात, पण तो आईच्या हातापायांतले बळच काढून घेतो. झाशी छावणीत क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मराठी जवानाच्या घरी तर तो अधिकच जड होतो. वडील सीमेवर असतात, आजी-आजोबा गावी, आणि दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. अशा घरात सगळे प्रारब्धावर सोडून देणे सोपे असते. मात्र त्यासाठी गीतेचा आधार घेता येणार नाही. अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेले नाही, पण पाचांतले ते एक, आणि तेही शेवटचे. उरलेल्या चारांचे काय, हा प्रश्न आपण विचारतच नाही. व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, नेमका तोच विचारते.

वरणभाताचा एक घास घ्या. मूल उंच खुर्चीवर बसले आहे, पाय लोंबकळत आहेत, चमचा तोंडाशी येईपर्यंत भात सांडतो. आपण म्हणतो, हाताला जमत नाही. थेरपिस्ट आधी पायांकडे बघतो. पायाखाली पाट सरकवला, कंबर मागे नीट टेकली, की धड स्थिरावते आणि मग हाताला काम करायला मोकळीक मिळते. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ लावतात. ते असे सावरता येते. करणांना, म्हणजे हातासारख्या साधनांना, जाड मुठीच्या चमच्याची जोड देता येते. चेष्टा म्हणजे रोजचा सराव. आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. मुलाने स्वतः करायचा, ठरावीक उद्दिष्टाचा सराव आणि घरी करायचे कार्यक्रम यांच्या बाजूने त्यात भक्कम पुरावा दिसला; दुसऱ्याने मुलाचे अंग हलवून देण्याच्या जुन्या पद्धतींना तसा आधार मिळाला नाही. थोडक्यात, कर्ता मूलच हवे.

यावर आई विचारील, मग मी भरवते ते प्रेम नव्हे का? प्रेमच आहे, आणि सकाळी शाळेची गाडी दारात उभी असताना भरवावेच लागते. पण सदऱ्याची चार बटणे आईने लावून शेवटचे मुलासाठी ठेवले, तर काम पुरे केल्याचा आनंद मुलाला मिळतो. तेवढी दोन मिनिटे थांबणे हीसुद्धा सेवाच, आणि माझ्या मते अधिक अवघड सेवा. दुसरा आक्षेप खरोखर गंभीर आहे. माणसाचे मोल तो काय करतो यावरच ठरत असेल, तर ज्याचे हात कधीच चालणार नाहीत त्याचे काय? उत्तर त्याच अध्यायात आहे. ही पाच कारणे सांगितल्यावर लगेच बजावले आहे की जो स्वतःला एकट्याला कर्ता समजतो त्याला काहीच कळलेले नाही. एकट्याच्या बळावर तर धडधाकट माणूसही जेवत नाही. म्हणून नजरेने वरण की दही हे सांगणारे मूलही त्या जेवणात सहभागी असते. स्वावलंबन म्हणजे कोणाचीच गरज नसणे, हा अर्थ आपण सोडून द्यायला हवा.

व्यवसायोपचाराची ही विद्या आपल्याकडे रुजवली ती धर्मश्रद्धा असलेल्या एका बाईने. अमेरिकेत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरात जन्मलेल्या आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही क्वेकरांची श्रद्धा. आज अशा विशेष मुलांसाठी सैनिकपत्नींच्या कल्याण संघटनेच्या आशा शाळा अनेक छावण्यांत आहेत. तरीही दर बदलीला थेरपिस्ट बदलतो आणि मुलाची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यावी लागते. तेव्हा बदलीचा हुकूम आला की सामानाच्या यादीत तो पाट आणि तो चमचा आठवणीने लिहा, आणि मुलाला आज काय काय जमते याचा एक कागद सोबत घ्या.